पाठीमागचे चित्र : पिंगुळीची चित्रकथा आणि 'असण्या'चा प्रश्न

१

'काहीच नसण्याऐवजी काही तरी का आहे?' हा प्रश्न लायब्निट्सने १७१४ साली निःसंदिग्ध शब्दांत मांडला. प्रत्येक गोष्टीला पुरेसे कारण असते हे तत्त्व मान्य केले की तत्त्वचिंतकाने विचारावयाचा पहिला प्रश्न हाच ठरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. 'काहीच नसणे' हे 'काही असण्या'पेक्षा साधे आणि सुकर आहे, म्हणून स्पष्टीकरणाची गरज असण्याला आहे, नसण्याला नाही, असा त्यामागील युक्तिवाद. पुढे मार्टिन हायडेगरने १९२९ साली फ्रायबुर्ग येथे दिलेल्या व्याख्यानाचा शेवट याच प्रश्नाने केला आणि १९३५ च्या व्याख्यानमालेचा आरंभही त्यानेच केला. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅक्टेटस'मध्ये विटगेनश्टाइनने मात्र वेगळी भूमिका घेतली. जग कसे आहे यात गूढ काही नाही, ते आहे हेच गूढ आहे, आणि या गूढाला प्रश्नाचे रूप देता येत नाही, अशी ती भूमिका होती.

या प्रश्नाची चर्चा मराठीत निघाली की आपल्या परंपरेने त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे, असे बहुधा सांगितले जाते. हे उत्तर प्रायः तीन शब्दांत सामावते : सूत्रधार, माया आणि लीला. जगाचा सूत्रधार परमात्मा आहे; जग ही त्याची माया आहे; आणि त्याने ते का निर्माण केले याचे कारण शोधू नये, कारण ती लीला आहे. या उत्तराची तत्त्वज्ञानात्मक बाजू अनेकांनी तपासली आहे. त्याची वाङ्मयीन बाजू मात्र फारशी तपासली गेलेली नाही. हे तिन्ही शब्द आपले बळ खेळाच्या व्यवहारातून घेतात. दोरीने हलणारी बाहुली, पडद्यावर पडणारी छाया आणि प्रयोजनावाचून चाललेला खेळ यांच्या आधाराने ते बोलतात. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत, ब्रह्म आणि जगत् हे येथे उपमेय आहेत आणि खेळ हे उपमान आहे. टीकाकारांची परंपरा उपमेयाच्या चर्चेत इतकी गढून गेली की उपमानाकडे, म्हणजे प्रत्यक्ष खेळाकडे, कोणी वळून पाहिले नाही.

हे उपमान आजही पाहता येते असे एक ठिकाण सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळनजीक आहे. पिंगुळी येथील ठाकर समाजाने तीन आख्यानपद्धती परंपरेने सांभाळल्या आहेत : दोऱ्यांनी हलणाऱ्या लाकडी कळसूत्री बाहुल्या, पडद्यामागून दाखवल्या जाणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या, आणि कागदावरील चित्रांच्या आधारे सांगितली जाणारी चित्रकथा. एकाच समाजाच्या हाती तिन्ही पद्धती नांदाव्यात हा योगायोग समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे. असण्या-नसण्याविषयीची तीन वेगवेगळी रूपके त्यामुळे एकाच अंगणात शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. तशी ती पाहिली असता असे दिसते की पहिली दोन रूपके ज्या प्रश्नाचे उत्तर देतात असे मानले जाते, तो प्रश्न ती वस्तुतः पुढे ढकलतात. तिसरे रूपक परंपरेने तुलनेने दुर्लक्षिले, पण त्या प्रश्नाची मांडणीच तपासून पाहण्याची सोय त्यातच आहे.

२

सूत्राचे रूपक फार जुने आहे. बृहदारण्यकोपनिषदात उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला विचारतो की हा लोक, परलोक आणि सर्व भूते ज्यात ओवली गेली आहेत ते सूत्र कोणते, आणि त्या सर्वांना आतून चालवणारा अंतर्यामी कोण. येथे सूत्र हा ओवणारा धागा आहे. मण्यांची माळ हे त्याचे चित्र आहे. बाहुलीची दोरी ही त्यापुढची पायरी होय. ओवणाऱ्या धाग्यात नियंत्रणाची कल्पना गौण असते, तर हलवणाऱ्या दोरीत ती प्रधान होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात भूतांना यंत्रावर बसवून फिरवणारा ईश्वर येतो तेव्हा हे संक्रमण पूर्ण झालेले असते.

परंतु या रूपकाचा सर्वांत धारदार उपयोग महाभारतात एका स्त्रीच्या तोंडी येतो, आणि तो ईश्वराच्या समर्थनासाठी नाही. वनपर्वात राज्य गमावून रानात आलेली द्रौपदी युधिष्ठिराशी वाद घालताना माणसाला लाकडी बाहुलीची उपमा देते. बाहुलीचे अवयव जसे दुसरा हलवतो तसा विधाता प्राण्यांना हलवतो. मग केलेल्या कर्माचे पाप कोणाला लागावे, असा तिचा सवाल आहे. युधिष्ठिर या बोलण्याला नास्तिक्य म्हणतो. ही घटना रूपकाच्या इतिहासात लक्षणीय आहे. पुढील काळात जी उपमा शरणागतीची खूण म्हणून रूढ झाली, तीच येथे आरोपाचे साधन म्हणून वापरली आहे. बाहुलीची उपमा देताच दोरी धरणाऱ्याकडे बोट जाते, हे द्रौपदीने ओळखले होते. सूत्रधार आहे एवढ्याने समाधान होत नाही. तो असाच खेळ का खेळतो, असा दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो.

उपमानाकडे परतले असता तिसरा प्रश्नही दिसू लागतो. कळसूत्रीच्या खेळात दोऱ्या ज्याच्या हाती असतात तो बाहुलीला हालचाल देतो, अस्तित्व देत नाही. लाकूड त्याच्या आधी असते. ते कोणी तरी तासलेले असते, रंगवलेले असते, त्याला वस्त्रे नेसवलेली असतात. आख्यान तर त्याहून जुने असते. म्हणजे सूत्रधाराचे रूपक 'हे असे का घडते?' या प्रश्नाला उत्तर देते. 'हे मुळात का आहे?' या प्रश्नाला ते स्पर्शही करत नाही. सांख्यांचा सत्कार्यवाद या ठिकाणी अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण कार्य आपल्या उपादानात आधीच असते, नसलेल्यातून काही उत्पन्न होत नाही, हे तो उघड मान्य करतो. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूला उपदेश करताना उद्दालकानेही असतापासून सत् कसे जन्मेल असा प्रतिप्रश्न केला होता. सूत्रधाराचे रूपक हा प्रतिप्रश्न टाळते. ते लाकडाविषयी मौन पाळते.

ब्रह्मसूत्रकारांना ही अडचण जाणवलेली होती, असे दुसऱ्या अध्यायातील प्रयोजनाच्या चर्चेवरून म्हणता येते. ज्याला काही मिळवायचे नाही त्याने जग का निर्माण करावे, या आक्षेपाला तेथे लीलेचा दाखला दिला आहे. लीला म्हणजे प्रयोजनाचा अभाव. पण लीला या शब्दाने फक्त हेतूचा प्रश्न निकालात निघतो, सामग्रीचा नाही. पिंगुळीच्या अंगणात तर हेतूचा प्रश्नही तसा निकालात निघत नाही. तेथील खेळ निर्हेतुक कधीच नव्हता. त्यामागे देवळाचा उत्सव होता, सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता आणि कुटुंबाची उपजीविका होती. तत्त्वज्ञाने खेळाचे रूपक घेताना खेळणाऱ्याची भाकरी त्यातून वगळली. ही वगळणूक केवळ सामाजिक अन्यायाची बाब नाही. तिच्यामुळे युक्तिवादही कच्चा राहिला आहे. ज्याचे असणे इतरांच्या दाण्यांवर अवलंबून आहे तो खेळिया निरपेक्ष कर्त्याचे उपमान म्हणून वापरायचा असेल, तर त्याच्या सापेक्षतेचे काय झाले हे सांगणे उपमाकाराचे काम होते.

३

छायेचे रूपक अधिक सूक्ष्म आहे. लाकडाची अडचण ते टाळते, कारण छाया हे द्रव्य नाही. ती प्रकाशाला आलेल्या अडथळ्याचे रूप आहे. पडद्यावर राम दिसतो, पण पडद्यावर राम म्हणावा असे काहीच नाही. मायावादाला हवे ते सारे येथे मिळते : भास आहे, भासाचे अधिष्ठान आहे, आणि दिवा काढून घेतला की काही उरत नाही.

परंतु हे शेवटचे विधान खरे आहे काय? दिवा मालवल्यावर पडदा उरतो, कातडे उरते, प्रेक्षक उरतात. 'काहीच उरले नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'पडद्यावर छाया उरली नाही' एवढाच असतो. न्याय-वैशेषिकांनी अभावाला पदार्थाचा दर्जा दिला तेव्हा नेमका हाच मुद्दा त्यांनी शास्त्रशुद्ध केला. अभाव नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कोठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, आणि जेथे अभाव ते अधिकरण. 'भूतलावर घट नाही' या वाक्यात घट हा प्रतियोगी आहे आणि भूतल हे अधिकरण आहे. 'सशाचे शिंग नाही' यासारखे वाक्यही नैयायिक असेच सोडवतात : ससा आहे, शिंगे अन्यत्र आहेत, सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे. या दृष्टीने पाहिले तर लायब्निट्सच्या प्रश्नातील 'काहीच नसणे' हा पक्ष अपुरा उच्चारलेला ठरतो. कशाचा अभाव हे एक वेळ 'सर्वांचा' म्हणून सांगता येईल; कोठे अभाव, हे सांगता येत नाही.

बर्गसाँने १९०७ च्या 'सर्जक उत्क्रांती'त वेगळ्या वाटेने याच्या जवळपासचा निष्कर्ष काढला. शून्याची कल्पना ही असण्याच्या कल्पनेहून रिकामी नसून अधिक भरलेली आहे. तीत सर्व वस्तूंची कल्पना आहे आणि शिवाय त्यांच्या निषेधाची क्रिया आहे, असे त्याचे म्हणणे होते. कोरा पडदा हा खेळाच्या आधीचा साधा आरंभ वाटतो. पण पडदा 'कोरा' म्हणून दिसण्यासाठी त्यावर काय दिसायला हवे होते हे आधी ठाऊक असावे लागते. वाट पाहणाऱ्यालाच पडदा कोरा दिसतो. इतरांना ते फडके असते.

ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'त हा विचार आणखी एक पाऊल पुढे जातो, आणि योगायोग असा की तेथेही दृष्टांत दिव्याचाच आहे. दिवा मालवणारा दिव्यासोबतच नाहीसा झाला, तर दिवा नाही हे कोणी जाणावे, अशा आशयाचा युक्तिवाद ज्ञानदेव करतात. नैयायिकांनी अभावाला अधिकरण मागितले होते; ज्ञानदेव त्याला साक्षी मागतात. सर्व नाहीसे झाले असे म्हणणारा कोणी तरी उरल्यावाचून ते म्हणणेच संभवत नाही. मात्र एवढ्यावर ते थांबत नाहीत. सातव्या आणि ग्रंथातील सर्वांत विस्तृत अशा अज्ञानखंडनाच्या प्रकरणात त्यांनी अज्ञान नावाचे तत्त्वच नाकारले आहे. जग अज्ञानामुळे भासते असे म्हणायचे तर त्या अज्ञानाचा आश्रय कोणता, हे सांगावे लागते, आणि ते सांगता येत नाही. छायेच्या भाषेत बोलायचे तर प्रकाश आणि पडदा यांच्या मध्ये आड येणारे कातडेच ज्ञानदेव काढून टाकतात. मग जे दिसते ते छाया म्हणून दिसत नाही. ते प्रकाशाचेच दिसणे ठरते. भा. पं. बहिरट यांच्यासारख्या अभ्यासकांनी ज्ञानदेवांचे तत्त्वज्ञान मायावादाहून वेगळे मानून चिद्विलासाच्या कल्पनेवर भर दिला, त्याचे कारण हेच आहे.

या ठिकाणी एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. अभावाला अधिकरण लागते हा न्यायशास्त्राचा नियम आपल्या अनुभवातील अभावांना लागू आहे. सर्वच नसण्याच्या शक्यतेला तो का लागू व्हावा? काहीच नसते, म्हणजे अधिकरणही नसते आणि साक्षीही नसता, एवढेच लायब्निट्सच्या अनुयायाला म्हणायचे आहे. त्या स्थितीचे वर्णन करण्यास कोणी नसते ही तिच्या अशक्यतेची खूण कशी मानावी? हा आक्षेप दुबळा नाही, आणि अधिकरणाच्या नियमाने तो पूर्णपणे परतवताही येत नाही. त्या नियमाने इतकेच सिद्ध होते की 'काहीच नसणे' ही कल्पना आरंभबिंदू म्हणून जितकी साधी समजली जाते तितकी ती साधी नाही. नसणे हे असण्याहून सुकर, म्हणून असण्यालाच कारण हवे, हा लायब्निट्सचा पाया त्यामुळे खचतो. आश्चर्य तेवढे शिल्लक राहते. विटगेनश्टाइनने ज्याला प्रश्न म्हणण्याचे नाकारले तेच हे आश्चर्य, आणि त्याला उत्तर नव्हे, रूप द्यावे लागते. येथून पुढचे क्षेत्र तत्त्वज्ञानाइतकेच आख्यानाचे आहे.

४

चित्रकथेची नोंद बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या या ग्रंथात रंगीत चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. सैद्धांतिक दृष्ट्या अधिक मोलाचा उल्लेख त्याच्या कितीतरी आधीचा, पतंजलीच्या महाभाष्यातील आहे. पाणिनीच्या प्रयोजक क्रियापदांविषयीच्या सूत्राची चर्चा करताना पतंजलीपुढे एक व्याकरणाचा पेच येतो. कंस फार पूर्वी मारला गेला. असे असता कथन करणारा 'कंसाला मारवतो' असे वर्तमानकाळात कसे म्हणता येईल? पतंजलीचे उत्तर असे की शौभिक प्रत्यक्ष डोळ्यांसमोर कंस मारवतात; चित्रांमध्येही उगारलेले आणि कोसळणारे प्रहार दिसतात; आणि ग्रंथिक ते शब्दांच्या द्वारा श्रोत्यांच्या बुद्धीत विद्यमान करून दाखवतात. शौभिक म्हणजे नेमके कोण यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्यांचा संबंध छायानाट्याशी जोडण्याचा प्रयत्नही झाला आहे. पण प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची आहे ती पतंजलीची दृष्टी. जे नाही त्याच्या असण्याचा प्रश्न तो क्रियापदाच्या काळाचा प्रश्न म्हणून पाहतो. कंस आहे की नाही, असे तो विचारत नाही. त्याला 'आहे' म्हणण्याचा अधिकार कोणत्या व्यवहारात प्राप्त होतो, असे विचारतो.

पिंगुळीची चित्रकथा हा असाच एक व्यवहार आहे. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला तेथे 'पोथी' म्हणतात. हे नाव अर्थपूर्ण आहे, कारण या पोथीत वाचण्याजोगी संहिता मुख्यतः नसते. ती कथेकऱ्याच्या मुखात असते. रामायण-महाभारतातील आणि पुराणांतील प्रसंग एकेका कागदावर रंगवलेले असतात. बाजूने दिसणारे चेहरे, मोठाले डोळे, समोरासमोर उभ्या ठाकलेल्या आकृती ही त्यांची ओळख. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीत कथेकरी एकामागून एक चित्र समोर धरतो आणि बोलू लागतो. चित्र हलत नाही, त्याला दोरी नसते, त्याच्या मागे दिवा नसतो. तरीही त्यातील पात्र 'येते', 'बोलते', 'मारते', आणि हे सर्व वर्तमानकाळात घडते.

बाहुलीच्या खेळापासून आणि छायेच्या खेळापासून चित्रकथेचे वेगळेपण कशात आहे, हे नेमकेपणाने सांगता येते. बाहुलीचे असणे कर्त्यावर अवलंबून आहे, छायेचे असणे आडपडद्यावर. चित्र तसे नाही. ते दाखवण्यापूर्वीही असते आणि दाखवून झाल्यावरही असते. कथेकरी त्याला निर्माण करत नाही, हलवतही नाही. तो त्याला प्रकट करतो. आणि हे प्रकट करणे म्हणजे त्यावरील आवरण दूर करणे एवढेच नाही, कारण गठ्ठ्यातून काढलेले चित्र शब्दांवाचून अपुरेच राहते. कोण कोणाशी लढत आहे हेही कित्येकदा सांगितल्याशिवाय उमगत नाही. चित्राला वाणी हवी, वाणीला चित्र हवे, आणि दोघांना पाहणारा-ऐकणारा हवा. या तिघांपैकी कोणालाही प्रथम कारण म्हणून वेगळे काढता येत नाही.

पोथीच्या रचनेतील एक तपशील या चर्चेत निर्णायक आहे. यातील चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. म्हणजे समोर धरलेल्या चित्राच्या मागे कोरी बाजू नसते; तेथे दुसरे चित्र असते. व्यावहारिक कारणे उघड आहेत : कागद टिकावा, गठ्ठा आटोपशीर राहावा. पण ज्या रूपकांतून परंपरेने असण्या-नसण्याचा विचार केला त्यांच्या शेजारी हा तपशील ठेवला की त्याला वेगळेच वजन येते. बाहुलीच्या मागे सूत्रधार आहे, छायेच्या मागे दिवा आहे. दोन्ही ठिकाणी दृश्याच्या मागे दृश्याहून वेगळ्या जातीचे, अधिक खरे असे काही मानले आहे. चित्राच्या मागे चित्रच आहे, त्याच जातीचे, तेवढेच खरे, फक्त आत्ता या बाजूला नसलेले. पाहणाऱ्याला ते दिसत नाही, पण 'नाही' असेही म्हणता येत नाही. असण्याच्या मागे शून्य आहे की ईश्वर, या दोनच पर्यायांत अडकलेल्या चर्चेला येथे तिसरी दिशा मिळते : असण्याच्या मागे न दाखवलेले असणे.

मराठी वाङ्मयातील एक प्रसिद्ध कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले, पण वयाने लहान आणि ज्ञानाने थोर अशा व्यक्तीला मायना कोणता लिहावा हे न सुचल्याने कोरा कागदच धाडला. मुक्ताबाईंनी त्या कोरेपणावरून चांगदेवांचीच परीक्षा केली, आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, ते 'चांगदेव पासष्टी' म्हणून ओळखले जाते. परंपरा ही कथा चांगदेवांच्या अहंकाराचा पराभव म्हणून सांगते. पण कोऱ्या कागदाला उत्तर लिहिता येते ही तिच्यातील खरी नवलाची बाब आहे. तो कागद नुसता कागद नव्हता. तो कोणी तरी कोणाला तरी पाठवला होता, न लिहिलेल्या मायन्याने तो भरलेला होता. म्हणजे त्याच्या कोरेपणाला प्रतियोगी होता आणि अधिकरणही होते. उत्तरातील पहिलाच विचार प्रकट होण्याचा आणि लपण्याचा आहे : जग भासते तेव्हा तो लपलेला असतो, जग लपते तेव्हा तो प्रकटतो, आणि खरे पाहता तो लपलेलाही नाही आणि प्रकटही नाही. कोऱ्या बाजूला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी कागदाची दुसरी बाजू दाखवली, असे म्हणता येईल.

तथापि ज्ञानदेवांचा विचार आणि चित्रकथा यांत एक भेद उरतो, आणि तो पुसून टाकणे समीक्षेला परवडणारे नाही. चिद्विलासात पाहणारा आणि दिसणारे यांचे द्वैत अखेरीस मावळते. दाखवणारा, दाखवलेले आणि पाहणारा एकच असतात. चित्रकथेत ते तिघे वेगळेच राहतात. त्यांपैकी प्रत्येक जण गैरहजर राहू शकतो. हीच तिची दुर्बलता आहे, आणि असण्याविषयी ती जे शिकवते त्याचे मूळही येथेच आहे.

५

ही गैरहजेरी कल्पित नाही. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले. तोवर संस्थानी आश्रयाचा आणि देवळांतील सेवेच्या हक्कांचा आधार असलेली व्यवस्था बदलत गेली. पोथ्यांतील चित्रे संग्राहकांकडे आणि वस्तुसंग्रहालयांत पोहोचली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी असलेली या जातीची चित्रे दीर्घकाळ 'पैठण चित्रे' म्हणून ओळखली गेली. पिंगुळीच्या पोथ्यांशी त्यांचे असलेले निकटचे साम्य अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन यांचा पिंगुळीच्या चित्रांतील कथनाविषयीचा लेख १९८४ सालचा आहे. त्यापूर्वी १९७७ साली मणी कौल यांनी 'चित्रकथी' हा लघुपट केला होता. पिंगुळीतील परशुराम गंगावणे यांनी २००६ साली तेथे ठाकर आदिवासी कलेचे संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

या साऱ्या इतिहासाविषयी लिहिताना दोन क्रियापदे सरसकट वापरली जातात. एका बाजूला 'कला लुप्त होत आहे' असे म्हटले जाते, दुसऱ्या बाजूला 'कला जिवंत आहे'. दोन्ही विधानांत 'असणे' हे क्रियापद न तपासता वापरलेले असते. काचेआड टांगलेले चित्र आहे काय? कागद आणि रंग म्हणून ते निःसंशय आहे; बहुधा पूर्वीपेक्षा सुरक्षितही आहे. पण पतंजलीच्या कसोटीवर घासले तर त्यातील युद्ध आता घडत नाही. त्याची पाठ भिंतीला लागली आहे आणि पाठीमागचे चित्र, असलेच तर, कोणाला दिसत नाही. पोथीचा क्रम तुटला की एकेक चित्र 'कलाकृती' होते, आणि कलाकृती होताच ते आख्यान असण्याचे थांबते.

येथे न्यायशास्त्राची आणखी एक विभागणी उपयोगी पडते. अभावाच्या प्रकारांत प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव असा भेद केला जातो. प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचे तिचे नसणे. त्याला आरंभ नसतो, पण शेवट असतो. प्रध्वंसाभाव म्हणजे वस्तू नाश पावल्यानंतरचे तिचे नसणे. त्याला आरंभ असतो, पण शेवट नसतो. गठ्ठ्यात बांधून ठेवलेल्या पोथीतील आख्यान सांगितले जात नसते तेव्हा त्याचे नसणे कोणत्या प्रकारचे? पुढच्या उत्सवात ते सांगितले जाणार असेल तर तो त्या कथनाचा प्रागभाव आहे, आणि कथन सुरू होताच तो संपेल. सांगणारी परंपरा तुटली असेल तर तोच गठ्ठा प्रध्वंसाभावाचे अधिकरण होतो. दोन्ही वेळी गठ्ठा तोच असतो, चित्रे तीच असतात, शांतता तीच असते. कागदाकडे कितीही निरखून पाहिले तरी हा भेद कागदावर सापडत नाही. तो सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या पुढील वर्तनात असतो.

या भेदातून समीक्षेपुढे एक अप्रिय निष्कर्ष उभा राहतो. 'लुप्त होणारी लोककला' अशी भाषा वापरणारा अभ्यासक केवळ वस्तुस्थितीचे वर्णन करत आहे असे त्याला वाटते. वास्तविक तो प्रागभावाला प्रध्वंसाभाव ठरवत असतो, आणि असे ठरवणे हे त्या कलेच्या असण्या-नसण्यातील एक घटित होऊन बसते. उलट, सन्मानांची यादी देऊन 'कला जिवंत आहे' असे जाहीर करणाराही पोथी उघडण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवून मोकळा होतो. दोघेही कलेचे अस्तित्व तिच्या वस्तूंत शोधतात. पिंगुळीच्या तीन खेळांपैकी चित्रकथेने दाखवून दिले ते असे की येथे असणे हा वस्तूचा गुणधर्म नाही. ते सांगणारा, सांगितलेले आणि ऐकणारा यांच्यामधले, दर खेपेस नव्याने करावे लागणारे काम आहे.

६

मूळ प्रश्नाला यातून उत्तर मिळाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चित्रकथेच्या रूपकालाही आपली मर्यादा आहे. पोथी कोठून आली असे विचारले की ती आधीच्या पोथीवरून उतरवली असे सांगता येते, आणि हा मागोवा कोठे तरी धूसर होतो. जगाच्या बाबतीत तो कोठे धूसर होतो हे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताने मोकळेपणाने मान्य केले होते. सात ऋचांच्या त्या सूक्ताचा शेवट उत्तराने होत नाही. परम आकाशातून या सृष्टीकडे पाहणारा जो आहे त्याला तरी हे ठाऊक असेल, किंवा नसेलही, अशा शंकेने तो होतो. पुढील परंपरेने त्या अध्यक्षाच्या हाती दोरी दिली आणि शंका संपली असे मानले. द्रौपदीला ती संपलेली वाटली नव्हती.

तरीही काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. सूत्रधाराचे रूपक असण्याचे कारण सांगत नाही; आधी असलेल्याच्या हालचालीचे कारण सांगते. छायेचे रूपक नसण्यापर्यंत पोहोचत नाही. पडद्यापर्यंत पोहोचून थांबते. 'काहीच नसणे' ही साधी आणि सुकर स्थिती आहे या गृहीतकाला न्यायशास्त्र आणि 'अमृतानुभव' या दोन्हींतून गंभीर आव्हान मिळते. आणि जे उरते ते आश्चर्य 'का' या शब्दात मावत नाही. ते 'पुढे काय' या शब्दांत अधिक चांगले मावते. पिंगुळीच्या श्रोत्याला आख्यान आधीच ठाऊक असते. वाली मरणार, लंका जळणार, हे त्याला नव्याने कळायचे नसते. तो तरीही बसून राहतो, कारण समोरच्या चित्राला पाठ आहे हे त्याला ठाऊक आहे आणि कथेकऱ्याचा हात ते अजून उलटायचा आहे.